दगडातली वाटी, दारावरची ओळ

स्कॉटलंडहून आलेला माणूस साधारणपणे एडिंबरोचा किल्ला आणि लॉख नेसचं तळं यांच्याविषयी सांगतो. मी सांगणार आहे ते किलमार्टिन नावाच्या एका खेड्याविषयी. ग्लासगोहून बसनं डोंगर ओलांडून लॉखगिल्पहेडला उतरायचं आणि तिथून दुसरी बस धरायची. एक चर्च, एक हॉटेल, एक संग्रहालय आणि रस्त्याकडेला मोजकी घरं. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं गाव. पण त्याच्या सहा मैलांच्या परिसरात आठशेहून अधिक ऐतिहासिक अवशेष आहेत.

मी नागपूरचा. किलमार्टिनची ओढ लागली तीही नागपूरमुळेच. आमच्या काटोल रस्त्यावर जुनापाणी आहे. तिथं महापाषाण काळातली सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. काही धोंड्यांवर लहान लहान वाट्या कोरलेल्या दिसतात. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्या टिपून घेतल्या आणि १८७९ साली छापलेल्या लेखात ब्रिटनमधल्या तशाच खुणांची आठवण काढली. त्या खुणांवर जेम्स सिम्प्सन यांनी १८६७ साली पुस्तक लिहिलं होतं. सिम्प्सन म्हणजे बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात करणारे एडिंबरोचे डॉक्टर. असा हा जुनापाणीचा धागा मला स्कॉटलंडपर्यंत घेऊन गेला.

किलमार्टिनच्या दक्षिणेला आख्नाब्रेक इथं जंगलाच्या कडेला उघडा, उतरता कातळ आहे. त्यावर वाट्या, आणि वाटीभोवती वलयं. पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी. मोठ्यात मोठं वलय मीटरभर रुंदीचं. ही कोरीव खूण पाच हजार वर्षांपूर्वीची मानतात. जुनापाणीची वर्तुळं तिच्या मानानं फार अलीकडची, त्यामुळे घाईघाईनं नातं जोडू नये. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. कोरणाऱ्यांची भाषा गेली. हात कळतो, छिन्नीचा घाव कळतो, म्हणणं कळत नाही.

तिथून जवळच डुनॅड. दलदलीच्या सपाटीतून ही टेकडी एकदम वर येते. हे डाल रियाटा राज्याचं प्रमुख ठाणं होतं. माथ्याजवळ कातळात एका पावलाचा ठसा आहे. नवा राजा गादीवर येताना त्यात पाऊल ठेवत असे, असं मानतात. मूळ ठसा जपण्यासाठी त्यावर हुबेहूब प्रतिकृती बसवली आहे. येणारा प्रत्येक जण त्यात पाय घालून पाहतो, मीही घातला. आयर्लंडच्या उत्तर टोकापासून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या या राज्याची भाषा गेलिक. राज्य गेलं, भाषा राहिली.

या भाषेची पुढची गोष्ट गावाच्या उत्तरेला कार्नासरीच्या पडक्या वाड्यात सापडते. तो बांधला जॉन कार्सवेल या धर्मगुरूनं. नव्या प्रॉटेस्टंट पंथाचं प्रार्थनापुस्तक त्यानं गेलिकमध्ये आणलं. १५६७ साली एडिंबरोला छापलेलं ते गेलिकमधलं पहिलं पुस्तक. आपल्या भाषेत छापील ग्रंथ नाही, ही खंत त्यानं प्रस्तावनेत मांडली आहे. वाड्याच्या दारावरही आपल्या आश्रयदात्यासाठी त्यानं गेलिकमध्येच शुभचिंतन कोरून घेतलं. १६८५ साली वाडा सुरुंगानं उडवला गेला, पण ती ओळ अजून तिथं आहे.

त्या दाराखाली मला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवले. सतराव्या शतकात त्यांनी मराठी ओवीत ‘योगसंग्राम’ लिहिला. आमच्या घरात उर्दू बोलतात आणि मी तीस वर्षं मराठीत कविता लिहितो. तरी कविसंमेलनात माझं नाव ऐकल्यावर कुणीतरी कौतुकानं म्हणतंच, ‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण घरातल्या माणसाला पाहुणचार मिळावा, तसं वाटतं.

परतताना बसथांब्यावर सत्तरीच्या एक बाई भेटल्या. मी कविता लिहितो हे कळल्यावर त्यांनी भाषा विचारली, मग ती बोलणारे किती ते विचारलं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आठ कोटींच्या वर, असं मी सांगितलं. त्या हसल्या. स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलता येणारे सत्तर हजारांच्या आसपास भरले. बाईंची आजी गेलिक बोलायची, पण मुलांशी नाही. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. शाळेत मुलांचं अडू नये म्हणून आजीनं घरातही इंग्रजी आणली. ‘आजीनं आमच्या भल्यासाठीच केलं,’ बाई म्हणाल्या. ‘पण ती शेवटच्या आजारात गेलिकमध्ये बोलायला लागली, तेव्हा उत्तर देणारं घरात कुणी नव्हतं.’

मी गप्प राहिलो. कारण ही आजी मी आपल्याकडे घरोघरी पाहतो. २०२५ साली स्कॉटलंडच्या संसदेनं कायदा करून गेलिकला अधिकृत दर्जा दिला. त्याआधी २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात भाषा ठरली. दोन्हींचा आनंद आहेच. परंतु आजारी आजीला उत्तर देण्याचं काम सरकारी कागद करू शकत नाही.

ती भाषा कुणाची, या प्रश्नाचं माझं उत्तर आता सोपं झालं आहे. जो तिच्यात पोराबाळांशी बोलतो, त्याची. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. इंग्रजी तिनं चांगली शिकावी, उर्दू तर तिची आहेच. पण येत्या हिवाळ्यात तिला मी जुनापाणीला नेणार आहे. दगडातल्या वाट्यांवर बोट ठेवून ती विचारील, ‘हे कुणी केलं?’ ते मला सांगता येणार नाही. पण जे काही सांगेन, ते मराठीत सांगेन.