चिठ्ठी काढणारा हात



भंडारा, तुमसर, पवनीकडे भिशीची चिठ्ठी आपण लहान मुलाला काढायला लावतो. कोणाचे नाव कुठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. संगणकाकडे असा निरागस हात नाही. तो नियमाने चालतो. नियम आणि आरंभीचा आकडा कळला की पुढचे सारे आकडे कळतात. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मोबाइलवर येणारा ओटीपी असा कोणी आधीच ओळखला तर?

म्हणून संगणकाची कार्यप्रणाली यंत्रातल्या अनियमित घडामोडींच्या वेळा टिपते आणि त्यातून अंदाज न येणारे आकडे तयार करते. ते मागण्याची रीत विंडोजमध्ये निराळी, लिनक्समध्ये निराळी. तेथे २०१४ पासून ‘गेटरँडम’ ही सोय आहे. रस्ट भाषेतली त्याच नावाची लायब्ररी हा भेद स्वतः सांभाळते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने फक्त मागायचे.

मागण्याऐवजी गडबड केली की काय होते? डेबियन लिनक्समध्ये २००६ साली दोन ओळी गाळल्या गेल्या. गुप्त किल्ल्यांमागे फक्त प्रक्रियेचा क्रमांक उरला. एका प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता! हे उघड झाले २००८ मध्ये. तोवर कुलपे लागलेलीच दिसत होती, आणि दुरुस्तीनंतरही जुन्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.