निसर्गाचा साबण, माणसाची मजुरी



कामगार चळवळीतला माणूस साबण-उटण्यावर काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. परंतु 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगावात कितीतरी घरांची चूल बायकांच्या घरबसल्या मजुरीवर पेटली. आज तशाच खोल्यांत साबणाच्या वड्या पडतात, उटण्याच्या पुड्या बांधल्या जातात. ही बाई मालक की मजूर? मी म्हणतो, दोन्ही. 1972 साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संस्था कामगार संघटना म्हणून नोंदविली, ती याच न्यायाने.

प्रथम 'नैसर्गिक' या शब्दाकडे पाहू. खोबरेल तेल निसर्गाचे खरे. पण त्याचा साबण होतो तो कॉस्टिक सोड्याने. एक किलो खोबरेलास सुमारे 175 ग्रॅम सोडा लागतो. जास्त पडला तर कातडी सोलून निघते. म्हणून येथे वाटी-चमच्याचे माप नको, तराजूच हवा. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. अॅल्युमिनियमचे पातेले वापरू नये. सोडा ते खातो. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे हवेत. गिरणीत आम्ही ज्या संरक्षणासाठी भांडलो, ते स्वतःच्या स्वयंपाकघरात कसे सोडावे?

दुसरी गोष्ट पाण्याची. कोरडे उटणे डब्यात बरेच दिवस टिकते. कोरफडीच्या गरात मात्र पाणी असते, आणि पाणी आले की जंतू आले. त्यास योग्य परिरक्षक न घालता 'रसायनमुक्त' म्हणून विकणे, ही गिऱ्हाईकाच्या कातडीवरची उधारी होय. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजते, तोही निसर्गच!

आता हिशेब. समजा, चाळीस वड्यांना माल आणि वेष्टन धरून 1200 रुपये लागले. वडी 40 रुपयांस गेली. हाती आले 1600, म्हणजे 400 नफा. पण त्यात दहा तासांचे श्रम आहेत. दुकानदाराने चौथाई कापली की 400 गेलेच. उरली शून्य मजुरी. शिवाय वड्या चार ते सहा आठवडे मुरवाव्या लागतात, तोवर भांडवल फळीवर पडून राहते. श्रमांची किंमत न धरता वडी स्वस्त विकणारी बाई शेजारणीचाही दर पाडते.

2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार विक्रीसाठी उत्पादन करणाऱ्यास परवाना लागतो आणि वेष्टनावर घटक लिहावे लागतात. एकटीला हे जड जाते. दहा जणींनी मिळून एक जागा, एक तराजू, एक परवाना आणि तेलाची घाऊक खरेदी केली, तर ते पेलेल.

आपण ग्राहक आहात. वडी हातात घ्याल तेव्हा घटकांची यादी जरूर वाचा. आणि त्या किमतीत बनविणारीची मजुरी बसते का, हेही एकदा मोजून पाहा.