पाळकाची पदवी आणि चांभाराचं घर
(युवक शिबिरातलं भाषण)



पाळक व्हायला काय लागतं, असं तुम्ही विचारलंत. कागदावर सांगायचं तर बी.डी. लागते. माझ्याकडे आहे. ही पदवी सेरामपूरची. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली बंगालमध्ये हे कॉलेज काढलं, १८२७ला डेन्मार्कच्या राजानं सनद दिली आणि १९१५ला पहिले बी.डी. बाहेर पडले. आजही देशातल्या कितीतरी सेमिनऱ्यांतली पोरं तिचीच परीक्षा देतात.

मी ग्रीक शिकलो. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र यापो गावी शिमोन नावाच्या चांभाराकडे मुक्काम करतो. वर्गात त्या ग्रीक शब्दाची पार चिरफाड झाली. विभक्ती झाली, व्युत्पत्ती झाली. पण त्याचं घर समुद्राच्या काठाला का? कातड्याच्या कुंडाचा वास गावाला नको म्हणून का? हे कुणी विचारलं नाही. माझ्या आजीनं, जिला अक्षर ओळखत नव्हतं, एका दमात सांगितलं असतं. तिचं घरही वेशीबाहेरच होतं.

आमच्या नगरकडच्या मंडळ्या महारामांगांनी भरल्या. आणि शिकवलं काय? वेदान्ताशी गप्पा मारणारं 'भारतीय' ईश्वरविज्ञान. नारायण वामन टिळकांची गाणी मी आजही गातो, त्यांच्याशी भांडण नाही. पण बाकावर आम्ही आणि पुस्तकात दुसरेच, हे कुठवर चालायचं? १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी हे तोंडावर मांडलं. १९८७ला मद्रासच्या गुरुकुलात दलित ईश्वरविज्ञानाचा विभाग त्यांच्याकडे आला.

आता त्याचाही पेपर झालाय. पोरं घोकतात, पास होतात, आणि मोठ्या शहरातली मंडळी मिळावी म्हणून खेटे घालतात.

इकडे वस्तीत काय चाललंय? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींत फक्त हिंदू धरले. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर. म्हणून बाई येते आणि हळू आवाजात म्हणते, "पाळकसाहेब, बाप्तिस्मा द्या, पण वहीत नाव घालू नका. पोराचा दाखला जाईल."

वहीत लिहावं की नाही? मला बी.डी.ला यावर एक प्रश्न आला नव्हता. दीक्षेआधी उमेदवाराची मुलाखत घेणारं मंडळ बसतं ना, त्यात ग्रीकच्या प्राध्यापकाशेजारी या बाईला खुर्ची द्या. पहिला प्रश्न तिला विचारू द्या.