नोझल फिरत नाही तेव्हा
(कळंब येथील बैठकीतील भाषण)



चिंतामणीच्या कुंडातलं पाणी दर बारा वर्षांनी आपोआप वर येतं, असं कळंबात सांगतात. आपल्या विहिरीतलं येत नाही. त्याला मोटार लागते, वीज लागते आणि वावरभर शिंपडायला तुषार संच लागतो. ऑगस्टात पावसानं दडी मारली की पऱ्हाटीला, पुढं घाटे भरताना हरभऱ्याला, एका पाण्यावर सारं अवलंबून असतं. नेमका तेव्हाच संच रुसतो.

नोझल फिरेना की आपण आधी नोझललाच हात घालतो. आम्हीही तेच केलं. दुकानदार म्हणाला, झिजले, नवे घ्या. घेतले. तेही फिरेनात! शेवटी विहिरीत उतरून पाहिलं, तर फूटव्हॉल्व्हच्या जाळीला पाल्याचा थर. काम पाच मिनिटांचं, पण कापसाचे पैसे दुकानात गेले ते गेलेच. म्हणून दोष शोधायचा तो विहिरीपासून.

नोझलला साधारण २ ते २.५ किलो दाब लागतो. पाणी जवळच जाड थेंबांनी पडलं तर दाब कमी. नुसतं धुकं उडालं तर जास्त. डिसेंबरात चाललेला संच फेब्रुवारीत अडतो, कारण विहीर खाली जाते. पाणी १० मीटर उचलायला १ किलो दाब खर्ची पडतो. पातळी ५ मीटर उतरली की अर्धा किलो गेला. लगेच मोटार खोलू नका. शेवटचे चार-पाच नोझल काढून अलीकडेच बूच लावा. उरलेले फिरले तर मोटार धड आहे; काढलेले दुसऱ्या पाळीत चालवा.

जोड सुरुवातीला थोडे गळणारच. दाब चढला की रबरी रिंग घट्ट बसते. तरी गळलं तर रिंग काढून खाचेतली माती पुसा, उलटी असेल तर सुलटी करा. ऑइल, ग्रीस लावू नका. रबर खराब होतं.

एकच नोझल अडला तर भोकात कचरा. झाडूच्या काडीनं काढा. खिळा किंवा तार घातली तर भोक मोठं होतं, पाणी जास्त जातं आणि बाकीच्यांचा दाब पडतो. नोझललाही तेल नको, धूळ चिकटते.

हंगाम संपला की रिंगा काढून सावलीत ठेवा, पाइप उंदरांपासून जपा.

बाहेर एक संच मांडला आहे. त्यात दोन रिंगा आम्ही मुद्दाम उलट्या बसवल्या आहेत. चला, कोणत्या ते शोधा.