बंद भांड्यातला समुद्र

आमची हिंगोली कयाधूकाठची. समुद्र इथून शेकडो मैल दूर. आमच्या पिढीतल्या अनेकांनी समुद्रातले मासे पहिल्यांदा पाहिले ते मुंबईत, 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. आता मात्र समुद्र घरात मांडता येतो. त्यासाठी खास मीठ मिळते. एक लिटर शुद्ध पाण्यात ते साधारण 35 ग्रॅम विरघळवले की समुद्राइतका खारटपणा येतो. आपले स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात पुरेसे नसते.

माझ्या पुतण्याने अशी शंभर लिटरची काचेची पेटी दिवाणखान्यात ठेवली आहे. काही महिन्यांतच दगडांवर केसांसारखे हिरवे शेवाळ वाढले आणि वाळूवर लालसर, बुळबुळीत पापुद्रा धरला. त्याने विचारले, "चाचा, एखादे औषध टाकून पाहू का?"

मी म्हटले, "बेटा, आधी हे शेवाळ काय खाऊन वाढते ते पाहू."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण या प्रश्नाचे उत्तर समजायला अवघड नाही. माशांना टाकलेले जास्तीचे खाद्य आणि त्यांची विष्ठा कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो, जीवाणू त्याचे शेवटी नायट्रेट करतात. खाद्यातून फॉस्फेटही येते. शेतात आपण नत्र आणि स्फुरद टाकतो, तेच हे. वरून दिवसभर दिवा. मग पीक तरारून येणारच!

उन्हाळ्यात त्यात आणखी भर पडते. पारा चाळिशीच्या वर गेला की पेटीतले पाणी झपाट्याने उडते. पुतण्या ती तूट बोअरच्या पाण्याने भरून काढत होता. आपल्याकडच्या अनेक बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि इतर क्षार असतात. वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार मागेच राहतात. निचरा नसलेली जमीन अति पाण्याने चोपण होते, त्यातलाच हा प्रकार.

रिसोडच्या पलीकडचे लोणार सरोवर हे याचे मोठे उदाहरण. त्यात पाणी येते. बाहेर जायला वाट नाही. म्हणून ते खारे झाले. एरवी सूक्ष्म शैवालाने हिरवे दिसणारे ते पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव माजले होते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून समोर आले.

औषधाने शेवाळ मरते, पण ते पाण्यातच कुजते. प्राणवायू कमी होतो, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. तांबे असलेल्या औषधाने तर गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळही मरतात. शिवाय शेवाळाचे अन्न पाण्यात तसेच राहते.

म्हणून आम्ही अन्नच तोडले. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य ठेवले. दिवा आठ तासांवर आणला, पेटी खिडकीपासून हलवली. शेवाळ हाताने उपटून बाहेर काढले. लाल पापुद्रा खरे तर शेवाळ नव्हे, तो जीवाणूंचा थर. तो नळीने ओढून घेतला आणि पाण्याचा प्रवाह वाढवला. शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी सोडल्या. उडालेल्या पाण्याची भरपाई आता आरओच्या बिनमिठाच्या पाण्याने होते, कारण मीठ पेटीतच असते. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलतो. त्या नव्या पाण्यात मात्र मीठ घालावे लागते.

यावर भाभीचा सवाल रास्त होता : "नळ रोज येत नाही आणि माशांना पाणी?" हिशेब केला. आठवड्याला बदलायचे पाणी दहा लिटर, म्हणजे बादलीभरही नाही. उडालेल्या पाण्याची भरपाई वेगळी; ती पेटीवर काच झाकून कमी केली. आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी ती आता फरशी पुसायला धरते. पेटीतून काढलेले खारे पाणी तेवढे कुंड्यांना घालायचे नाही. एवढे पाणी घरच्यांच्या वाट्यातून काढायची वेळ आली, तर पेटी बंद करायची, हेही ठरले आहे.

शेवटचा उपाय मला सगळ्यात आवडला. पेटीला जोडून एक छोटा कप्पा केला आणि त्यात गुंतवळासारखे एक समुद्री शेवाळ मुद्दाम लावले. त्याच्यावर रात्री वेगळा दिवा असतो. पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट खाऊन ते वाढते. वाढलेला गुंता काढून टाकला की ते खतही पेटीबाहेर जाते आणि दगडांवरचे शेवाळ उपाशी राहते. म्हणजे शेवाळाचा बंदोबस्त शेवाळच करते!

या सगळ्याला दोन महिने लागले. दगड पुरते स्वच्छ झालेले नाहीत, व्हायची गरजही नाही. थोडे शेवाळ असावेच. गोगलगायींनाही पोट आहे.