टूच्या पुढे आयएनजी? हो, कधी कधी!

इअरफोन लावलेत ना?

पहिल्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी मेल टाकला होता. शेवटची ओळ: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.' नोकरी मिळाली नाही. त्या ओळीमुळेच असं नाही, पण ती अजून टोचते. हवं होतं 'टू मीटिंग यू'.

शाळेत आपल्या डोक्यात पक्कं बसतं, टू आला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप. 'आय वॉन्ट टू मीट'मध्ये ते बरोबरच आहे. पण 'लुकिंग फॉरवर्ड टू'मधला टू हा प्रिपोझिशन, म्हणजे इन, ऑफ, फॉर यांचा भाऊ. त्याच्यापुढे नाम लागतं. क्रियापदाला आयएनजी लावून नाम केलं की झाला जेरंड. आपण नाही का, 'पोहणे'चं 'पोहण्यात' करतो? विभक्ती लागली, कारण ते नाम आहे.

ओळखायचं कसं? टूच्या पुढे साधं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द वीकेंड', चाललं! 'वॉन्ट टू द वीकेंड'? छे.

आता खरी गंमत. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग नाइट्स' म्हणजे मला रात्रपाळीची सवय आहे. 'आय यूज्ड टू वर्क नाइट्स' म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही. कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूत दुसरं बोललात, तर समोरचा भलतंच समजेल.

चला, सेंट फोल्डर उघडा आणि 'लुकिंग फॉरवर्ड' शोधा. काय सापडलं?