कुलूप दिसावे, किल्ली दिसू नये



दप्तर तपासणी ही शासनव्यवहारातील नित्याची बाब आहे. तपासणीसाठी दप्तर खुले करावे लागते; परंतु त्यातील मोहोरबंद लखोटा कोणी उघडावा, यालाही नियम असतात. संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स या संगणकप्रणालीचा आरंभ केला. आज जगातील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात आणि अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तीच आहे. तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. दूरच्या यंत्राशी बोलण्यासाठी कार्यक्रमास कर्नेलकडून जोडणीचे जे टोक मिळते, ते सॉकेट. कोणते सॉकेट उघडे आहे, कोठे मजकूर अडला आहे, हे व्यवस्थापकास कळावे यासाठी कर्नेलमध्ये निदानाची एक खिडकी ठेवलेली आहे. 'एसएस' ही आज्ञा दिली की तेथील माहिती पडद्यावर येते.

सोयीसाठी ठेवलेल्या या खिडकीतूनच एकदा चोरवाट निघाली. खिडकीशी विचारणा करताना सॉकेट कोणत्या कुळातील आहे, त्याचा क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक कोष्टकाच्या मर्यादेत आहे किंवा नाही, हे पाहण्याचे राहून गेले होते. मर्यादेबाहेरचा क्रमांक पाठवून सामान्य वापरकर्त्यास यंत्राचे सर्वाधिकार बळकावणे शक्य होते. हा दोष फेब्रुवारी २०१३ मध्ये उघडकीस आला. दुरुस्ती अवघ्या दोन ओळींची होती.

पुढे प्रश्न अधिक नाजूक झाला. बँकेचे व्यवहार वा शासकीय संकेतस्थळे यांच्याशी होणारी देवघेव टीएलएस या पद्धतीने कूटबद्ध केली जाते. २०१७ पासून पाठवावयाचा मजकूर कूटबद्ध करण्याचे काम कर्नेलकडे सोपविता येऊ लागले. २०१८ मध्ये आलेला मजकूर उलगडण्याचीही सोय झाली. परस्परांची ओळख पटविणे कार्यक्रमाकडेच राहिले. मात्र किल्ल्या कर्नेलच्या स्वाधीन झाल्या. आता व्यवस्थापकाला प्रश्न पडू लागला: अमुक जोडणी खरोखरच सुरक्षित आहे काय, आणि कोणत्या पद्धतीने?

त्याचे उत्तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये मांडलेल्या व नोव्हेंबरमधील ५.४ या आवृत्तीत आलेल्या सुधारणेने दिले. खिडकीतून चार गोष्टी दिसू लागल्या: टीएलएसची आवृत्ती, कूटपद्धतीचे नाव, आणि पाठविण्याचे व स्वीकारण्याचे काम कर्नेल स्वतः करते की जाळ्याचे कार्ड. किल्ली मात्र त्यात नव्हती.

अशी सुधारणा थेट स्वीकारली जात नाही. ती इतर जाणकारांपुढे ठेवली जाते आणि ते ती ओळीने तपासतात. येथे पाहावयाचे प्रश्न तीन. पहिला, दाखविलेल्या माहितीत काही गुप्त आहे काय? दुसरा, ती पाहण्याचा अधिकार कोणाला? तिसरा प्रश्न सहज ध्यानात येत नाही: खिडकीतून वाचन चालू असतानाच ती जोडणी बंद झाली तर? नोंदवही वाचली जात असता तिचे पान फाडले जावे, तशी ती स्थिती होय. म्हणूनच त्या सुधारणेतील पहिला भाग, वाचन पुरे होईतो नोंद नष्ट होऊ नये, याच बंदोबस्ताचा होता.

२०१९ मध्ये ही माहिती जाळ्याच्या व्यवस्थापनाचा अधिकार असणाऱ्यांपुरतीच ठेवली गेली. २०२५ साली तिचा बाबवार फेरविचार झाला. आवृत्ती, पद्धतीचे नाव व मांडणी यांत गोपनीय काही नाही, असे ठरल्यावर ती सर्व वापरकर्त्यांस खुली झाली. याउलट, २०१७ मध्ये टीसीपीच्या एमडी५ स्वाक्षरीच्या किल्ल्या याच खिडकीत आणल्या गेल्या, त्या केवळ अधिकारी वापरकर्त्यासाठी. खिडकी एकच, बाब बदलली की पाहणारा बदलतो.

हे तत्त्व शासनव्यवहारास अपरिचित नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार अभिलेखातील उघड न करण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला भाग देता येतो. एक कागद गोपनीय म्हणून सारी फाईल बंद ठेवणे जसे योग्य नव्हे, तसेच न वाचता सारी फाईल पुढे करणेही योग्य नव्हे. प्रत्येक बाब वाचून निर्णय घेणारा जागरूक तपासनीस संगणकाच्या गाभ्याला हवा असतो, तसा तो तालुक्याच्या कचेरीलाही हवा असतो. २०१३ च्या त्या दोन ओळींचा धडा हाच आहे.